दुसरं बोलावणं

मी शुद्ध मराठी बोलायला शिकलो ते इंग्रजी चौथीत. तोवर घरात बोलतात तेच बोलत होतो, आणि त्यात काही उणं आहे असं मला कोणी सांगितलं नव्हतं. आमचं घर अकोल्याला, कापसाच्या बाजारामागे. वडील एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, काट्यावर कारकून होते. हंगामात घरभर कापसाचे तंतू उडायचे, ताटातल्या भाकरीवरसुद्धा यायचे, आणि आई ते काढता काढता दिवसभर कोणाला तरी रागवत असायची.

शाळेत पुण्याकडून बदलून आलेले एक मास्तर होते. त्यांनी माझा आवाज हेरला. ‘आवाज चांगला आहे, भाषा तेवढी धुऊन घे,’ म्हणाले. शाळा सुटल्यावर ते मला थांबवून घेत आणि रिकाम्या वर्गासमोर उभं करत. हात मागे बांधायचे. शेवटच्या बाकावरचा सगळ्यात आळशी मुलगा मनात धरायचा आणि फक्त त्याच्यासाठी बोलायचं. तो जागा राहिला की वर्ग जागा राहतो. वाक्य संपेपर्यंत मधे कोणाला बोलू द्यायचं नाही. कोणी तोंड उघडलंच तर हसून हाताचा तळवा दाखवायचा. हे तळवा दाखवणं मी घरी आरशासमोर उभा राहून घोटलं.

आईला या सगळ्याची गंमत वाटायची. जेवताना मी ‘मला भात वाढ’ म्हटलं की ती वडिलांकडे बघून म्हणायची, ‘पाह्य, मले म्हनत नाई आता. पुन्याचा जवाई येऊन राहिला आपल्या घरी.’ वडील हसत नसत. त्यांना वाटायचं, पोरगं वकील होईल.

वकील झालो नाही, पण बोलत राहिलो. आता या वयात मला त्या आवाजाचा कंटाळा आला आहे. अजूनही कोणी ना कोणी येतं आणि म्हणतं, मुलांना नेतृत्वावर दोन शब्द सांगा, तुम्ही कॉलेजात असताना चळवळी केल्यात. मी नाही म्हणत नाही, कारण नाही म्हणायला जास्त बोलावं लागतं. जातो, बोलतो, हार गळ्यात घेतो, घरी येऊन पाय धुतो आणि आडवा होतो. मुलं वहीत काहीतरी टिपून घेतात. काय टिपतात देव जाणे.

वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला होता. मोठी कचेरी नागपूरला, युनिव्हर्सिटी नागपूरला, आणि अमरावतीच्या आमच्या कॉलेजचे प्रिन्सिपॉलसुद्धा महिन्यातले चार दिवस नागपूरलाच. मी होस्टेलात राहत होतो. दुसऱ्या वर्षी विद्यार्थी मंडळाचा चिटणीस म्हणून निवडून आलो. माझ्या विरुद्ध उभा राहिलेला मुलगा माझ्यापेक्षा हुशार होता, पण तो बोलताना जमिनीकडे बघायचा.

माझ्या खोलीत माझ्यासोबत एक मुलगा होता, वरूडच्या पलीकडच्या गावचा. बाप माळी, संत्र्याचा लहानसा बगीचा. त्यांच्या घरातलाच काय, त्यांच्या आळीतलाही कॉलेजात आलेला तो पहिलाच. अंगानं दांडगा, चालायला सावकाश. बोलायचा कमी, आणि बोलला की समोरच्याला तोडल्यासारखं वाटायचं. मनात तसं काही नसे. माझ्या सगळ्या सभांची कामं तो करायचा. मी भाषण लिहायचो, तो सतरंज्या झटकायचा. सकाळी एकदा खोल्याखोल्यांतून सांगून यायचा की संध्याकाळी सभा आहे, आणि सभेची वेळ झाली की पुन्हा एकेका दारावर थाप मारून म्हणायचा, ‘चाला, बसले सारे. तुमचीच वाट हाय.’ सभा भरायच्या. मी बोलतो म्हणून भरतात असा माझा समज होता. त्याचाही बहुधा तोच समज होता.

त्या वर्षी थंडीत कॉलेजात टोपीचं प्रकरण झालं. काही मुलं खादीची पांढरी टोपी घालून वर्गात येऊ लागली, आणि पांढरी टोपी घालून वर्गात बसता येणार नाही अशी नोटीस लागली. आम्ही एक दिवस हरताळ पुकारला. हरताळाचं भाषण माझं, आणि फाटकावर उभं राहायचं काम त्याचं. मीच त्याला ते दिलं. म्हटलं, ‘कोणालाही आत सोडायचं नाही.’ त्यानं विचारलं, ‘कोनालेच नाई?’ मी म्हटलं, ‘कोणालाही नाही.’

मी ते विद्यार्थ्यांबद्दल बोललो होतो. सकाळी आमचे इतिहासाचे प्रोफेसर सायकलवरून आले. ते पुण्याचे. त्यानं सायकलचं हँडल धरलं आणि म्हणाला, ‘आज आत नाई जायाचं, सर. तुमी बी घरी जा.’ झालं एवढंच. आमच्या इकडे सासऱ्यालाही माणूस असंच बोलतो. पण प्रोफेसरांच्या कानाला ती दमदाटी वाटली, आणि त्यांनी आत जाऊन तसंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. आधी मला बोलावलं. प्रिन्सिपॉलसाहेब आमच्या भागातले नव्हते, त्यांना मराठी येत नव्हतं. मी इंग्रजीत बोललो. खेद व्यक्त केला, गैरसमज म्हटलं, तरुण रक्त म्हटलं. साहेबांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना मला दिसला आणि मी मनातल्या मनात खूश झालो. मला ताकीद मिळाली. मग त्याला बोलावलं. साहेबांचे प्रश्न प्रोफेसर मराठीत करून विचारत होते. सायकल धरलीस का? धरली. घरी जा म्हणालास का? ‘हाव, म्हनलं.’ माफी मागतोस का? त्यानं प्रोफेसरांकडे बघून सांगितलं की मी शिवी दिली नाही, धक्का दिला नाही, तर माफी काहून मागू? मी दाराबाहेर उभा राहून ऐकत होतो. खरं तेच बोलत होता, आणि प्रत्येक वाक्याला आणखी खोल जात होता.

हुकूम निघाला. त्याचं नाव कमी करायचं, आणि दाखल्यावर वर्तणुकीबद्दल शेरा मारायचा. असा शेरा असला की प्रांतातलं दुसरं कॉलेज घेत नसे. म्हणजे शिक्षण तिथंच संपलं. इंटरची परीक्षा दोन महिन्यांवर होती. मी पुन्हा साहेबांकडे गेलो, पुन्हा बोललो. शेवटी ते म्हणाले, ठीक आहे, सोमवारी सकाळी साडेदहाला त्याच्या बापाला घेऊन ये. बापानं स्वतःच्या तोंडानं सांगावं की मी याची हमी घेतो. मग मी शेरा मारणार नाही आणि याला परीक्षेला बसू देईन. तुझं ऐकून झालं आहे, असंही ते म्हणाले. ते मी तेव्हा कौतुक म्हणून घेतलं.

तोवर मुलानं होस्टेलबाहेर पडायचं नाही, कॉलेजच्या आवारात पाय ठेवायचा नाही, अशी अट होती. पत्र लिहिलं असतं तर ते गावात दुसऱ्यानं वाचून दाखवलं असतं, आणि बातमी बापाआधी आळीभर झाली असती. म्हणून मीच गेलो. शनिवारी सर्व्हिस मोटारीनं मोर्शीवरून वरूड, आणि तिथून पुढे पायी.

संत्र्याची तोड चालली होती. त्याचा बाप झाडाखाली बसून टोपलीत गवत अंथरत होता. मुलासारखाच दांडगा, फक्त वाळलेला. मी मुलाचा दोस्त म्हणताच उठला, हात झटकले, मला खाटेवर बसवलं आणि स्वतः खाली बसला. मी काही सांगायला सुरुवात करणार तर म्हणाला, ‘आंदी पानी घ्या. जेवा. मंग बोला.’

जेवण शेजारी होतं. शेजारच्या घरी बारसं, आणि आळीतल्या सगळ्यांना आवतण. पाहुणा म्हणून माझंही त्यात आलं. दिवस मावळला, शेजारच्या अंगणातून तेलाचा वास येऊ लागला, आणि मी सकाळपासून उपाशी. दोन घरांच्या मधे फक्त काट्यांचं कुंपण. म्हटलं, ‘काकाजी, निघायचं ना?’

‘आवतन सकाळी येऊन गेलं,’ तो म्हणाला. ‘बलावनं यायाचं हाय.’

‘शेजारी तर आहे.’

‘शेजारी हाय म्हनून भुकेल्यावानी जाऊन बसू का?’

आमच्याकडे गावोगाव हीच रीत. आवतण म्हणजे नुसतं कळवणं. पानं मांडली की घरचं माणूस दारात येतं आणि चला म्हणतं, ते बोलावणं. पहिल्यावर जो उठून जातो तो हावरा, आणि ज्याच्याकडे दुसरं येत नाही त्यानं समजून घ्यायचं की यजमानाचं मन बदललं. मला हे माहीत नव्हतं असं नाही. माझ्या आजोळी मी लहानपणी स्वतः तांब्या घेऊन बोलवायला फिरलो होतो. पण त्या संध्याकाळी मला त्याचं हसू आलं. होस्टेलात गेल्यावर मुलांना सांगायला गोष्ट बरी, असंही वाटलं. थोड्या वेळानं शेजारचा घरधनी स्वतः आला, म्हणाला, ‘चाला, पानं मांडले,’ आणि माझ्या दोस्ताचा बाप खांद्यावरचा दुपट्टा नीट करून मोठ्या डौलानं वीस पावलं चालत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बगीच्यात मी विषय काढला. इथंच चूक झाली. सरळ सांगायला हवं होतं की तुमच्या पोरानं प्रोफेसराची सायकल अडवली, त्याला काढून टाकताहेत, तुम्ही येऊन हमी द्या. तीन वाक्यांचं काम. पण त्या माणसाच्या तोंडावर पोराबद्दल एवढा अभिमान होता की मला ते जड गेलं. आणि खरं सांगायचं तर मला सरळ बोलायची सवयच राहिली नव्हती. मी म्हटलं, थोडा गैरसमज झाला आहे, काळजीचं कारण नाही, साहेबांची इच्छा आहे की तुमच्यासारख्या मोठ्या माणसानं येऊन दोन शब्द सांगावेत. साहेबांनी तुम्हाला मानानं बोलावलं आहे.

‘सायेबानं?’ त्याचे हात थांबले. ‘मले? म्हंजे आवतन देल्लं म्हना.’

‘हो, आवतणच समजा,’ मी म्हणालो.

किती सहज म्हणालो. उचलली जीभ, लावली टाळ्याला. तो उठला आणि त्यानं चांगली चांगली संत्री निवडून वेगळी ठेवायला घेतली. परतीच्या वाटेवर मी स्वतःवर खूश होतो. लाजून घरात बसला असता असा माणूस मी हौसेनं यायला तयार केला होता.

सोमवारी तो पहाटेच्या मोटारीनं आला. मी स्टँडवर घ्यायला गेलो. धुवट धोतर, डोक्याला पांढरा पटका, हातात पाल्यानं झाकलेली संत्र्यांची टोपली. पोराला भेटू का म्हणाला. मी म्हटलं, आधी हे काम उरकू. कॉलेजात आणून मी त्याला ऑफिससमोरच्या कडुलिंबाखाली बसवलं, समोरचं दार दाखवलं आणि सांगितलं, ‘साडेदहाला त्या दारानं सरळ आत या. मी आतच आहे.’ तो ‘बरं’ म्हणाला. माझ्या डोक्यात पुढची वाक्यं चालली होती, त्यामुळे तो कसं ‘बरं’ म्हणाला तिकडे माझं लक्ष गेलं नाही.

आत साहेब होते, प्रोफेसर होते. साहेबांनी विचारलं, बाप कुठे आहे? म्हटलं, येतच आहेत. आणि तेवढ्या वेळात आपण जरा वातावरण तयार करावं म्हणून मी बोलायला लागलो. खेड्यातून येणारा विद्यार्थी, त्याची भाषा, त्या भाषेतला रांगडेपणा, त्यामागचं निर्मळ मन. इंग्रजी त्या दिवशी मला नुसतं सुचत होतं. प्रोफेसरसुद्धा ऐकत होते, एकदा त्यांनी मानही हलवली. साडेदहाचे पावणेअकरा झाले. मधेच एकदा मला वाटलं, हा अजून आला कसा नाही? मग वाटलं, येईल, सांगितलं आहे. खिडकीतून बघायला दोन पावलं सरकावं लागलं असतं आणि हातातलं वाक्य तुटलं असतं.

अकराच्या सुमारास दार लोटून चपराशी डोकावला. अमरावतीतलेच एक वयस्कर मुसलमान गृहस्थ, सगळ्या मुलांना नावानिशी ओळखायचे. ते माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, ‘वो बाबा बाहर...’ मी वाक्याच्या मध्यावर होतो. मी हसून हाताचा तळवा दाखवला. ते थांबले, माझ्याकडे बघितलं, दार ओढून घेतलं.

थोड्याच वेळात साहेबांनी घड्याळ काढलं. त्यांना बडनेऱ्याला नागपूरची गाडी गाठायची होती. ते म्हणाले, अर्धा तास मी तुझं ऐकलं, आणि मी तुला बोलावलं नव्हतं. मी बापाला बोलावलं होतं. बाप आला नाही. त्यांनी कागद पुढे ओढला.

‘ते आलेत, सर. बाहेर बसलेत.’

‘मग बाहेर का बसलेत?’

आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे वाक्य नव्हतं. साहेबांना वाटलं मी थापा मारतो आहे. त्यांनी सही केली, टोपी घेतली आणि निघाले. मी मागोमाग व्हरांड्यात आलो. लिंबाखाली तो माणूस साहेबांना पाहून उठून उभा राहिला. टोपली दोन्ही हातांत पुढे धरलेली. इतका वेळ जे यायचं होतं ते आता आलं, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. साहेबांनी चालता चालता टोपलीकडे बघितलं, हात हलवला आणि म्हणाले, ‘नहीं चाहिए.’ त्यांना तो संत्री विकणारा वाटला.

मी पायरीवर उभा होतो. मोटारीचं दार लागायला अजून वेळ होता. एक हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण तास सुटला होता, आवारात पोरं उभी होती, आणि चिटणीसानं साहेबाच्या मागे ओरडत धावावं हे मला जमलं नाही. शरम वाटली. आता जी वाटते तिच्यापुढे ती काहीच नव्हती. मोटार फाटकाबाहेर गेली.

मी त्याच्याजवळ गेलो. म्हटलं, ‘काकाजी, तुम्ही आत का आला नाहीत? मी सांगितलं होतं ना, साडेदहाला या?’ माझा आवाज चढलेला होता, जणू चूक त्याची.

त्यानं टोपली खाली ठेवली. मग म्हणाला, ‘आवतन त देल्लं होतं तुमीनं. पन बलावनं घेऊन कोनी आलंच नाई. मी म्हनलं, आता कोनी येईन, मंग येईन. थे चपराशी भाऊ म्हने, आत जाऊन सांगतो. थे बी परत आले, म्हने अजून टाइम हाय. मंग मी सायेबाच्या दारात कसा घुसू?’

चपराशी व्हरांड्यातच उभे होते. ते मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मग मी त्याला खरं काय होतं ते सांगितलं. सायकल, माफी, शेरा, सगळं. तीन वाक्यांतच झालं. तो लिंबाच्या बुंध्याला हात लावून खाली बसला. ‘हे काल सांगतलं असतं,’ तो म्हणाला, ‘त मी रांगत आलो असतो आतमंदी.’ त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. माझ्या होतं, आणि ते त्याला दिसू नये म्हणून मी तोंड फिरवलं.

होस्टेलात दोस्त खाटेवर बसून वाट बघत होता. बापाला पाहून उठला, पाया पडला, आणि आमची तोंडं पाहून त्याला कळलं. त्यानं मला एकच विचारलं. ‘थो बाहेर बसला होता, त तू त्याले घ्याले गेला होता का?’

‘नाही. मी सांगून ठेवलं होतं.’

‘सांगून ठेवलं होतं,’ तो म्हणाला आणि वळकटी बांधायला लागला. मी दोरी धरायला हात पुढे केला. त्यानं दोरी दिली नाही.

दुपारच्या मोटारीनं ते दोघं गेले. जाताना बापानं टोपली माझ्या हातात दिली. ‘हे आता वापस कुठी नेऊ? पोट्ट्याइले वाटून द्या.’ माणूस मला तेव्हाही ‘तुमी’च म्हणत होता.

संध्याकाळी होस्टेलची सगळी पोरं खालच्या दिवाणखान्यात जमली. कोणाला बोलवायला जावं लागलं नाही. बातमी पसरली होती. ऑफिसातल्या कोणी तरी सांगितलं होतं की चिटणीस साहेबासमोर अर्धा तास इंग्रजीत भांडला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी टोपली मधे ठेवली. पोरं संत्री सोलू लागली आणि म्हणाली, बोल, काय झालं ते सांग.

मी ‘नको’ म्हणालो. एकदा म्हणालो. मग उभा राहिलो. काय झालं ते सांगायचं, एवढंच मनात होतं. पण सुरुवात केली आणि शेवटच्या रांगेतला एक मुलगा पेंगताना दिसला. त्याला जागं करावं म्हणून मी आवाज उचलला, आणि आवाज उचलल्यावर पुढचं आपोआप आलं. मी म्हणालो, एक गरीब अडाणी बाप डोंगरापायथ्याच्या गावातून आला. आपल्या मुलासाठी दोन शब्द बोलायला आला. पण साहेबाचा दरवाजा पाहून त्याचे पाय लटपटले. तीस पावलं चालण्याचं त्याला धैर्य झालं नाही. मित्रहो, ही भीती त्याच्या रक्तात कोणी घातली?

दिवाणखाना दणाणून गेला. पेंगणारा मुलगा उठून उभा राहिला होता. त्या भाषणाची पुढे दोन वर्षं कॉलेजात आठवण काढत. त्यातलं पारतंत्र्याबद्दलचं सगळं खरं होतं. त्या माणसाबद्दलचं तेवढं खोटं होतं, आणि ते मला बोलतानाही माहीत होतं. हाताला संत्र्याचा वास येत होता. एक फोड कोणी तरी मला दिली होती, ती मी खाल्ली.

साहेब नागपूरहून परत आल्यावर मी भेटायला गेलो आणि बाप बाहेर का बसून राहिला ते सांगितलं. दाखला शेऱ्यासकट रवाना झाला होता. ते म्हणाले, तुला हे आधी का सुचलं नाही? मी बरं म्हणून बाहेर आलो.

वरूडकडचा आणखी एक मुलगा होस्टेलात होता. तो सुट्टीत घरी गेला, आणि भाषण त्याच्याबरोबर गावात गेलं. बाजाराच्या दिवशी चारचौघांत कोणी तरी त्या बापाला विचारलं म्हणे, ‘काय गा, सायेबाले पाहून पाय लटपटले तुये?’ हे मला त्या मुलानंच येऊन हसत हसत सांगितलं.

त्यानंतर आठ दिवसांनी कार्ड आलं. अक्षर माझ्या दोस्ताचं. सगळं वर्षभर तो माझ्याशी घरच्या भाषेत बोलला होता, आणि मी त्याच्या चुका काढत असे. कार्ड शुद्ध मराठीत होतं, एकही चूक नव्हती. ‘माझे वडील घाबरले नव्हते. कोणी बोलवायला आले नाही म्हणून ते बसून होते. तू सभेत सांगितलेस, तेव्हा सभेतच दुरुस्त कर.’ खाली सही. क्षेमकुशल नाही, लोभ असावा नाही.

शनिवारी सभा होती. मी कार्ड खिशात घालून गेलो. उभा राहिलो, हात मागे बांधले, आणि वाचनालय संध्याकाळी आणखी एक तास उघडं ठेवावं या विषयावर बोललो.